याईर थांबला होता

पहाटे पाच

आमच्या भागात नळाला पाणी एक दिवसाआड येतं आणि येतं ते पाचच्या सुमारास. आज पाण्याचा दिवस. मोटार सुरू केली, पिण्याचं पाणी गाळून हंड्यात घेतलं आणि टाकी भरेपर्यंत ओट्यापाशी उभी राहून स्तोत्रसंहिता उघडली. रोज एक स्तोत्र, ओळीने. दीडशे झाली की पुन्हा पहिल्यापासून. पाणी नसतं त्या दिवशी खुर्ची, वही, चहा असं सगळं निवांत जमतं. पण उभ्याने वाचलेलं स्तोत्र दिवसभर जास्त सोबत राहतं, असा माझा अनुभव आहे. हात कामात असताना ते मनात शिरलेलं असतं, म्हणून पुढच्या कामांतही ते आपोआप वर येतं.

ही वेळ मला प्रिय आहे ती पंडिता रमाबाईंमुळेही. रमाबाई लहानपणी शाळेत गेल्या नाहीत. त्यांना त्यांच्या आईने, लक्ष्मीबाई डोंगरे यांनी शिकवलं. आणि लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं ते रमाबाईंच्या वडिलांनी, अनंतशास्त्र्यांनी, लोकांचा रोष पत्करून. घरकाम आणि येणारं-जाणारं माणूस यातून त्या माउलीला दिवसा सवड मिळत नसे. म्हणून पाखरं जागी व्हायच्या आत, पेंगुळलेल्या लेकीला जवळ घेऊन ती पाठ द्यायची. रमाबाईंनी स्वतःच ही आठवण लिहून ठेवली आहे. 1858 साली जन्मलेली ही मुलगी पुढे कलकत्त्याच्या विद्वानांकडून पंडिता म्हणून गौरवली गेली, 1883 मध्ये इंग्लंडात तिचा बाप्तिस्मा झाला, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तिने मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. साध्या बायांना कळावं अशा मराठीत. लक्ष्मीबाई डोंगरे ख्रिस्ती नव्हत्या. तरीही घरी मुलं शिकवणारी आई म्हणून मी सगळ्यात आधी त्यांची ऋणी आहे.

सहा

यांची पहिली पाळी असते, एमआयडीसीत सातला हजेरी. डब्यात बाजरीची भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी. निघताना दाराशी आम्ही दोघं मिनिटभर प्रार्थना करतो. हेल्मेट यांच्या हातातच असतं. लग्नापासूनची ही रीत आहे आणि भांडण झालेलं असलं तरी ती आम्ही मोडत नाही. किंबहुना त्याच दिवशी तिचा खरा उपयोग होतो.

साडेसात

सासूबाईंची साखर तपासून इन्सुलिन द्यायचं काम थोरलीकडे आहे. सासूबाई मिशन हॉस्पिटलात परिचारिका होत्या. सुई टोचून घ्यायला त्यांना कुणाची गरज नाही. पण नातीचा हात तयार व्हावा म्हणून त्या रोज स्वतः पुढे होतात. "काल इथे टोचलंस ना, मग आज दोन बोटं बाजूला. एकाच जागी टोचत राहिलं की गाठ धरते." थोरली मान डोलावते, सुई सरळ आत घालते, मनात दहा मोजते आणि मग बाहेर काढते. या पाच मिनिटांत ती जे शिकते ते माझ्या वेळापत्रकात कुठेही लिहिलेलं नाही.

मधला अंथरुणं घडी करतो. धाकटी त्याने केलेल्या घड्यांवर चढून बसते. पोहे होतात.

साडेआठ

घरातली उपासना. सासूबाई पेटी घेतात, उपासना संगीतातलं एक गीत होतं. बऱ्याचदा ते रेव्हरंड टिळकांचं असतं, कारण सासूबाईंना ती सगळी पाठ आहेत. मग शास्त्रवाचन. सध्या आम्ही मार्कचं शुभवर्तमान घेतलं आहे. एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने पुस्तक मिटून, ऐकलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. ही पद्धत मी शार्लट मेसन या इंग्रज शिक्षिकेकडून उचलली. मुलाला प्रश्न विचारून त्याला काय येत नाही हे शोधण्यापेक्षा, त्याच्यात काय मुरलं आहे ते त्यालाच सांगू द्यावं, हे तिचं म्हणणं मला फार पटतं.

आज पाचवा अध्याय होता. सभास्थानाचा अधिकारी याईर येशूच्या पाया पडतो. त्याची मुलगी मरायला टेकली आहे. येशू त्याच्याबरोबर निघतो. वाटेत गर्दीत बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली एक बाई मागून येऊन त्याच्या वस्त्राला हात लावते. येशू थांबतो, कुणी शिवलं म्हणून विचारतो, तिचं सगळं ऐकून घेतो. तेवढ्यात निरोप येतो की मुलगी गेली.

मधला नऊ वर्षांचा आहे. तो सांगत होता. बाईपर्यंत सगळं नीट आलं. मग म्हणाला, "मग येशू थांबला. आणि याईर तिथेच उभा होता." आणि तोही थांबला. "मम्मी, याईराला काय वाटलं असेल? आधी तर तो आला होता."

मार्कने याईराच्या मनाविषयी त्या क्षणी एक शब्दही लिहिलेला नाही. मी तेच सांगितलं. सासूबाई पेटीचा भाता बंद करत म्हणाल्या, "वॉर्डात रोज हेच असायचं रे. एका खाटेपाशी थांबलं की दुसरी खाट वाट बघायची. आणि दोघांनाही तेवढंच दुखत असायचं."

या उताऱ्यावर मी कितीतरी प्रवचनं ऐकली आहेत. वाटेत आलेल्या माणसासाठी येशू थांबला, तसं आपणही थांबावं, हे त्यातून मी शिकले आणि ते खरंच आहे. तीन मुलं, घर आणि शिकवणं एकत्र सांभाळणाऱ्या बाईला तर ते फारच उपयोगाचं, कारण तिचा दिवस म्हणजे एकामागून एक थांबणंच. पण त्या बापाबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं. मी एका मुलासाठी थांबते तेव्हा दुसरं कुणीतरी माझी वाट बघत उभं असतं, आणि तेही आधी आलेलं असतं.

साडेनऊ

थोरली चौदा पूर्ण. दहावीला एनआयओएस या मुक्त विद्यालयी मंडळातून बसते आहे: मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि चित्रकला. ही संस्था 1989 पासून आहे, केंद्र सरकारची आहे, आणि दहावीसाठी वयाची अट चौदा वर्षांची आहे. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे सगळे विषय एका दमात द्यायची सक्ती नसते. नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात तो कायद्याचा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे, पण न केल्यास पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. मी हे लपवत नाही आणि त्याचा डांगोराही पिटत नाही. मुलं शिकत आहेत, परीक्षा सरकारमान्य आहे, दार उघडं आहे. कुणीही यावं, वह्या बघाव्यात.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे आणि तो सासूबाईंनी विचारला होता. 2020 च्या टाळेबंदीत मुलं घरी शिकू लागली, आणि शाळा उघडल्यावरही आम्ही त्यांना घरीच ठेवायचं ठरवलं, तेव्हा त्या दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आपली माणसं शाळेमुळे उभी राहिली. माझी आई शिकली म्हणून मी परिचारिका झाले. आणि तू मुलांना शाळेतून काढतेस?"

त्यांच्या बोलण्यामागे या शहराचा सगळा इतिहास उभा होता. अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये नगरला आलं. सिंथिया फरार यांनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले, असं सावित्रीबाईंच्या चरित्रांत वाचायला मिळतं. 1842 मध्ये ज्ञानोदय हे नियतकालिक याच शहरात सुरू झालं. ज्या समाजाला कुणी पाटीला हात लावू दिला नव्हता त्याला या शाळांनी पाटी दिली. मराठी ख्रिस्ती बाईने शाळेकडे पाठ फिरवणं ही साधी गोष्ट नाही, आणि मी पाठ फिरवलेलीही नाही. शाळेने माझ्या आजेसासूला जे दिलं तेच माझ्या मुलांना मिळावं, एवढंच मला हवं आहे: कुणीतरी जवळ बसून, तुझ्याकडे बघून शिकवणं. सासूबाई आज मधल्याचं वाचन घेतात. त्याची जोडाक्षरं उशिरा सुटली, ती त्यांच्याच मांडीला टेकून.

पुस्तकं बहुतेक बालभारतीची. ई-बालभारतीवर ती फुकट मिळतात, भाषा आपली आहे, आणि किशोर मासिक जोडीला आहेच. ख्रिस्ती आयांसाठी परदेशातून येणारे तयार संच मी पाहिले आहेत. छपाई सुरेख, किंमत न झेपणारी. पण त्यांतला मेंढपाळ मुलांना चित्रातूनच समजावून द्यावा लागतो. आमच्याकडे सुगीनंतर धनगर रानात उतरतात, संध्याकाळी वाघूर लावून त्यात मेंढरं कोंडतात, आणि एखादं कोकरू मागे राहिलं की माणूस अंधारात हाका मारत जातो. हे मुलांनी उभं राहून पाहिलं आहे. खळं, जातं, आड, पेरणी, पाटाचं पाणी, कर्जाची वही: शुभवर्तमानातलं जग नगर जिल्ह्यातल्या मुलाला परकं नाही. ते त्याच्या हाती परक्या चित्रांतून का द्यायचं?

पावणेअकरा

थोरलीची वर्गसमीकरणं चालली होती. पूर्ण वर्ग करून सोडवायच्या रीतीत ती अडली. मी तिच्याशेजारी बसून पेन्सिल उचलली, तोच दारात शेजारीण. "ताई, तासभर आमच्या आत्याबाईंना तुमच्याकडे बसवू का? बँकेत जायचंय, आणि त्यांना एकटं सोडवत नाही."

मी उठले. त्यांना धरून आत आणलं, पंख्याखाली खुर्ची दिली, पाणी दिलं. ऐंशी ओलांडलेल्या आजी. नजर अधू, पण कान तल्लख. मधला भूगोल वाचत होता: सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस कमी का पडतो, पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय. आजींनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "आरं पोरा, ते पुस्तकात काय बघतोस? बहात्तरचा दुष्काळ मी काढलाय."

पुढचा पाऊण तास भूगोलाचं पुस्तक कुणी उघडलं नाही. खडी फोडायच्या कामावर त्या जायच्या. अंगावरचं पोर पाटीत निजवून पाटी झाडाच्या सावलीला ठेवायची, आणि सावली सरकली की मुकादमाची नजर चुकवून पाटीही सरकवायची. परदेशातून आलेला तांबडा मिलो रेशनवर मिळायचा. त्याची भाकरी थापताना तुटायची. कामावर सुकडी वाटायचे. "आमी आमच्या वाटणीची पोरांना द्यायचो," आजी म्हणाल्या. त्यांनी उजवा हात पुढे केला. अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं, हातोडा बसला तेव्हापासून तसंच वाढत आलेलं. मधल्याने त्या नखावरून बोट फिरवलं. धाकटीनेही फिरवलं.

मग तो उठला, वही आणली आणि काहीही न सांगता लिहायला बसला. ज्या मुलाला चार ओळी लिहायला मला रोज समजावावं लागतं त्याने पान भरवलं. सुकडी हा शब्द त्याने दोनदा विचारून घेतला. दुष्काळी कामांतूनच रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला, एवढी भर मी घातली. बाकी धडा आजींचा.

या सगळ्या वेळात थोरली समोर वही घेऊन बसली होती. तिने हाक मारली नाही. माझ्या लक्षात होतं. मी दोनदा तिच्याकडे पाहिलंही. पण आजींना मध्येच तोडून उठणं मला जमलं नाही, आणि ते योग्य झालं असतं असं आताही वाटत नाही. शेवटी मी तिच्यापाशी गेले आणि म्हटलं, "फार थांबवलं तुला."

"याईराइतकं नाही," ती म्हणाली आणि वही पुढे केली. गणित सुटलं होतं, एक चिन्ह तेवढं चुकलं होतं. ते तिचं तिलाच सापडलं.

साडेबारा

वरण, भात, भाकरी, सकाळची मेथी. आजींनाही पान घेतलं. जेवणाआधीची प्रार्थना आज धाकटीची; तिने डाळीपासून पंख्यापर्यंत सगळ्याचे आभार मानले. आजींनी हात जोडले आणि आपल्या विठ्ठलाचं नाव घेतलं. मुलांसमोर हे घडतं याचं मला समाधान आहे. माझा विश्वास माझ्या मुलांना स्पष्ट कळावा, आणि शेजारच्या आजींचा मान राखायला त्याच विश्वासाने त्यांना शिकवावं. या दोन्हींत मला ओढाताण जाणवत नाही.

त्या अध्यायाच्या शेवटी याईराची बारा वर्षांची मुलगी उठून चालू लागते, सगळे थक्क होतात, आणि येशू सांगतो की हिला काहीतरी खायला द्या. मला मार्कचं हे वाक्य फार जवळचं वाटतं. एवढं मोठं घडल्यावरही त्याला पोरीच्या पोटाची आठवण आहे. वाढताना ते माझ्या मनात असतं.

दुपारी दोन

धाकटी झोपली, सासूबाई लवंडल्या, मधला चित्रं काढतोय. बुधवारची ही वेळ थोरलीची. आठवड्यातला एकेक तास एकेका मुलाला द्यायचा, अभ्यासाशिवाय, ही कल्पना सुझाना वेस्ली यांची. एकोणीस मुलं, त्यातली नऊ तान्हेपणीच गेलेली, नवऱ्याच्या डोक्यावर कर्ज, घराला लागलेली आग. आणि तरी इंग्लंडातल्या एपवर्थच्या त्या घरात मुलांची शाळा रोज भरायची आणि संध्याकाळी ठरलेल्या मुलाशी आई एकटी बोलत बसायची. जॉनचा वार गुरुवार होता. मेथडिस्ट चळवळ उभी करणाऱ्या त्या माणसाने मोठेपणी आईला पत्र लिहून त्या गुरुवारांची आठवण काढली होती. अशी बाई आपल्याआधी होऊन गेली आहे, हे माहीत असल्याने मला बळ येतं.

थोरली यंदा चर्चमध्ये दृढीकरणाच्या वर्गाला जाते. आज ती बराच वेळ ओढणीचा गोंडा सोडवत बसली आणि मग म्हणाली, "मम्मी, मी विश्वास ठेवते की फक्त या घरात राहते म्हणून मला तसं वाटतं, हे कसं कळायचं?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. घरी शिकवणाऱ्या ख्रिस्ती आईची मोठी भीती हीच आहे. सकाळची प्रार्थना मी घेते, धडा मी घेते, जेवण मी वाढते. मुलीला देव दिसायचा तर तो माझ्याआडून दिसणार. मग तिचं स्वतःचं काय? वचन मुलांच्या मनावर बिंबवा, घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना त्याविषयी बोला, असं अनुवादाच्या सहाव्या अध्यायात सांगितलं आहे, आणि मी ते आज्ञा म्हणून पाळते. पण बोलणं माझ्या हाती आहे. तिच्या मनात विश्वास जागा करणं माझ्या हाती नाही. घरी शिकवलं म्हणून मूल देवाचं होतं, असं जे ख्रिस्ती आईबाप मानतात त्यांच्याशी मी सहमत नाही. ते पवित्र आत्म्याचं काम आहे.

मी तिला तसंच सांगितलं. म्हटलं, हा प्रश्न घेऊन पाळकसाहेबांकडे जा. माझ्याकडून शिकून आलेलं उत्तर त्यांना देऊ नकोस. एकटी असताना, कुणी बघत नसताना प्रार्थना करावीशी वाटते का, ते बघ. आणि दृढीकरण पुढच्या वर्षी घ्यावंसं वाटलं तर आम्ही नाराज होणार नाही.

"आजी होईल," ती म्हणाली.

"आजीशी मी बोलेन."

ती अजून विचारातच आहे. हा तास पुरणारा नव्हता.

चार

हे आले. चहा झाल्यावर यांनी मधल्याला घेऊन सायकलची साखळी काढली. त्या दोघांचा तो विज्ञानाचा तास. मी त्यात पडत नाही.

साडेपाच

थोरली वाडिया पार्कवर धावायला गेली. तिथल्या तिच्या मैत्रिणी वेगवेगळ्या शाळांतल्या, वेगवेगळ्या धर्मांच्या. घरी शिकणाऱ्या मुलाला घराबाहेरचं मैदान हवंच. येताना आम्ही जिल्हा वाचनालयात पुस्तकं बदलली. मधल्याने दुष्काळावरचं पुस्तक मागितलं. लहान मुलांसाठीचं मिळालं नाही, म्हणून मोठ्यांचंच घेतलं. मी वाचून दाखवणार.

आठ

रात्रीची प्रार्थना हे घेतात. ज्याला ज्याच्यासाठी मागायचं असेल त्याने नाव सांगायचं. धाकटीने आजींच्या अंगठ्यासाठी मागितलं. थोरलीने आज कुणाचं नाव घेतलं नाही, आणि तिला कुणी विचारलंही नाही. सासूबाईंनी आपल्या जुन्या वॉर्डातल्या कुणा परिचारिकेसाठी मागितलं.

नंतर भांडी घासताना मी सासूबाईंना दृढीकरणाचं सांगितलं. त्यांनी ताट विसळून ठेवलं. "माझंही एक वर्ष पुढे गेलं होतं," त्या म्हणाल्या. "तिला सांगू का मी?" मी म्हटलं, सांगा.

दहा

उद्याची वही लिहायला बसले. गुरुवारी सकाळी पहिला तास गणिताचा असतो, पण तिघांचा एकत्र, आणि त्यात थोरलीला शेवटी वेळ मिळतो. तो बदलला. साडेनऊ ते साडेदहा फक्त थोरली. धाकटी सासूबाईंकडे, मधला दुष्काळाचं पान शुद्ध करून लिहील, आणि दार वाजलं तर सासूबाई बघतील. एनआयओएसच्या असाइनमेंटना वीस टक्के वजन असतं, तेव्हा गणिताची असाइनमेंट याच आठवड्यात पुरी व्हायला हवी. आजींचा दुष्काळ अजून संपलेला नाही, त्यांना शुक्रवारी पुन्हा बोलवायचं आहे. इन्सुलिन संपत आलं आहे, ते यांना सकाळी सांगायचं. हरभरे भिजत घातले.